वरचा तुकडा

इथं डोंगर ही बाई आहे.
नाव घेत नाही कुणी. सकाळी दार उघडून
'आज कशी आहे?' एवढंच विचारतात,
आणि धूर कुठल्या अंगाला कललाय ते बघून
कपडे वाळत घालायचे की नाही, ठरवतात.

बाबा गेले, त्या मार्चमध्ये आम्ही मळा वाटून घेतला.
चिरीनोनं खालचा घेतला, नदीकडचा:
जुना लाव्हा, शतकानुशतकं झिजून मऊ झालेला,
कोपरापर्यंत हात आत जाईल अशी माती.
मला वरचा. नऊशे मीटरवर,
जिथं कुदळ मारली की ठिणगी उडते.
नोटरीनं विचारलं, वेनेरा, मान्य?
मी म्हटलं, दगडांनाही कुणी तरी हवंच.

वेली मात्र त्याच. नेरेल्लोच्या एकाच म्हाताऱ्या खोडाच्या काड्या,
बाबांनी गुडघे टेकून खोचलेल्या,
प्रत्येकीला चेस्टनटची एकेक काठी.
तेव्हा वाईनही एकच निघायला हवी होती.

पण त्याच्याकडे ऊन मातीत मुरतं
आणि रात्री हळूहळू परत मिळतं, व्याजासकट.
सप्टेंबर सरता सरता त्याचे घड काळेभोर,
लग्नघरातल्या पोरांसारखी गालफडं भरलेली.
माझ्याकडे दुपारी पाठ भाजते
आणि दिवेलागणीला वरच्या बर्फावरून वारा उतरतो.
मी स्वेटर चढवते. वेलींना स्वेटर नाही.
त्या पिकायचं थांबवतात,
सकाळी कालच्या जागेवरून पुन्हा सुरू करतात.
ऑक्टोबर संपतो, गावाची पिंपं भरतात,
माझे घड अजून म्हणतात, थांब.
साल जाड, दाणा बारका, रस बेताचा.

मिलानहून एक पोरगा आला होता,
नळीत माती भरून घेऊन गेला.
मग कागद आला: लोह इतकं, पोटॅश इतकं,
चुना जवळजवळ नाहीच.
पिंपाची तोटी गळत होती,
तिच्याखाली घडी करून घातला.

खाण तशी माती म्हणतात.
मग एकाच खाणीतून
हा इतका गोड आणि मी अशी तुरट?

तीन वर्षं आमचं बोलणं नाही.
भिंत कुणी सरकवली यावरून. सांगत बसत नाही.
परवा रविवारच्या बाजारात चीजवाल्याकडे
त्याची बाटली दिसली. मान खाली घालून विकत घेतली,
बुटांच्या डब्यात लपवून आणली.

घरी पाण्याच्या पेल्यात ओतली.
दाट. पेल्यापलीकडची खिडक दिसेना.
पहिला घोट म्हणजे बाबा पाहुण्यांसमोर:
मोठा आवाज, हात पसरलेले, या, बसा, जेवून जा.
हे बाबा मला कधी फारसे भेटले नाहीत.
माझ्या वाट्याला आले ते छाटणीच्या महिन्यातले,
दिवसभर कात्रीचा आवाज, आणि संध्याकाळी एकच वाक्य:
'उद्या गार पडेल.'
माझी वाईन फिकट आहे, तिच्यातून खिडकी दिसते.
पण गिळल्यावर ती जात नाही,
दाराशी उभी राहते, चपला घालूनही.

दुसऱ्या घोटाच्या तळाशी काहीतरी खरखरलं.
जिभेनं ओळखलं. राख.
त्या ऑगस्टची, रात्री तीन वाजता पडलेली,
काळ्या साखरेसारखी, पानापानावर.
मी वर केरसुणी घेऊन वेली झाडत होते
आणि खाली एक कंदील
ओळीओळीनं सरकत होता.
मी हाक मारली नाही.
त्यानंही नाही.
उजाडेपर्यंत दोघं झाडत होतो.

बाटली संपली, दोन दिवसांत. धुतली.
माझ्या पिंपातली भरली, बूच ठोकलं,
आणि त्या भिंतीवर ठेवून आले,
जिथून ती सरकली की नाही, कोण जाणे.
चिठ्ठी नाही.

चाखून म्हणेल, पातळ आहे.
म्हणू दे.